अस्सल फिरोजा आणि पोवळ्याचे मणी कसे पारखावेत? सल्ला हवा आहे

मणीकाम :
नमस्कार. मी चांदीचे आणि खड्यांचे मणी ओवून गळ्यातली तयार करते. सध्या लडाखी धाटणीच्या गळ्यातल्याची मागणी आली आहे. त्यात फिरोजा आणि पोवळे एकाआड एक हवे असून दोन्ही अस्सलच असावेत, असा ग्राहकाचा आग्रह आहे. फिरोजाची साधारण चाळीस सेंटिमीटरची सर काही शे रुपयांपासून अनेक हजारांपर्यंत मिळते आणि प्रत्येक विक्रेता आपला माल ओरिजिनलच असल्याचे सांगतो. घरी कोणती तपासणी करता येईल, विक्रेत्याला काय विचारावे आणि ग्राहकाला बिलावर काय लिहून द्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निळाई :
ताई, आधी फिरोजाविषयी लिहितो. हे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट आहे. त्याची निळाई तांब्यामुळे येते, आणि लोहाचे प्रमाण वाढले की तो हिरवटपणाकडे झुकतो. इराणमधील निशापूरचा फिरोजा शतकानुशतके नावाजलेला आहे, तर आज बाजारात चीनमधील हुबेई प्रांताचा मालही बराच असतो. अमेरिकेतील ॲरिझोनाची 'स्लीपिंग ब्यूटी' ही खाण २०१२ साली फिरोजासाठी बंद झाली. तिचा जुना साठा अजून फिरत असला, तरी ते नाव सांगून स्वस्तात सर देऊ करणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

तुमचा खरा प्रश्न 'अस्सल की नक्कल' एवढाच नाही, तर 'अस्सल असल्यास त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे' हाही आहे. बराचसा फिरोजा सच्छिद्र आणि ठिसूळ असल्यामुळे मणी पाडण्याआधी त्यात कृत्रिम राळ जिरवतात. असा मणी अस्सलच असतो आणि रोजच्या वापरासाठी मला तो अधिक योग्य वाटतो, कारण कच्चा फिरोजा घाम, तेल आणि अत्तर शोषून हळूहळू रंग बदलतो. फिरोजाची भुकटी राळेत दाबून केलेले मणी मात्र वेगळे, आणि रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट (ही दोन्ही पांढरट खनिजे) तर फिरोजाच नव्हे.

मणी हातात घेतल्यावर आधी त्याचे भोक पाहा. दहापट भिंगातून पाहिल्यास रंगवलेल्या मण्यात भोकाच्या काठाशी आणि बारीक भेगांत गडद निळा रंग साचलेला दिसतो, तर भोकाच्या आतली भिंत अनेकदा पांढुरकी असते. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन एकच मणी पुसून पाहा. बोळा निळा झाला तर रंग दिलेला आहे हे नक्की. पण तो स्वच्छ राहिला म्हणून मणी अस्सल ठरत नाही, कारण रंगावर राळेचा लेप असू शकतो. सर महाग असेल, तर विक्रेत्याच्या संमतीने एक मणी फोडून पाहणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. आतून पांढरा निघाला की पुढे बोलायला काही उरत नाही.

प्रवाळवेल :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. पोवळ्याबाबत थोडी भर घालते. दागिन्यांतले लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून, तसेच जपान आणि तैवानजवळच्या समुद्रातून येते, आणि इटलीतील नेपल्सजवळचे तोर्रे देल ग्रेको हे गाव त्याच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे लिंबाच्या रसाने त्यावर बुडबुडे येतात. ही चाचणी बरेच जण सुचवतात. मात्र रंगवलेले बांबू पोवळे (बांबूसारखी पेरे असलेले, मुळात पांढरट प्रवाळ) आणि शिंपले यांच्यावरही तसेच बुडबुडे येतात. त्यामुळे फार तर काच आणि प्लास्टिक बाजूला काढता येईल, आणि तेवढ्यासाठी मण्याची झिलई मात्र कायमची जाईल. दूध गुलाबी झाले म्हणजे पोवळे खरे, असेही ऐकायला मिळते. वास्तविक दुधात रंग उतरणे हीच मणी रंगवलेला असल्याची खूण आहे.

भिंगातून मण्याच्या एका अंगाला अगदी बारीक, समांतर रेषा दिसायला हव्यात, आणि फांदी आडवी कापली गेली असेल तिथे वर्तुळाकार वलये. बांबू पोवळ्याच्या रेषा ठसठशीत असतात आणि रंग त्यांच्यात व भोकाभोवती साचतो. काचेत हवेचे गोल बुडबुडे दिसतात. सगळे मणी एकाच छटेचे, निर्दोष आणि तरीही स्वस्त असतील, तर ते पोवळे मानू नका.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्या समुद्रातील खडक-प्रवाळे, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचा तुकडा कोणी मणी पाडण्यासाठी देऊ केला, तर तो घेऊ नये.

मणीकाम :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बिलावरचा मजकूर आणि ओवण्याबद्दलही कृपया सांगाल का?

निळाई :
बिलावर 'नैसर्गिक फिरोजा, राळ जिरवलेला' किंवा 'बांबू पोवळे, रंगवलेले' असे स्पष्ट लिहावे, आणि विक्रेत्याकडूनही तसेच लिहून घ्यावे. जो लिहून देण्यास कचरतो, त्याच्याकडून महाग सर घेऊ नये. रक्कम मोठी असेल, तर मुंबईतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेतून तपासणी करून घेणे उत्तम.

फिरोजाचा कठीणपणा मोहस् मापावर (खनिजांचा कठीणपणा दाखवणारे १ ते १० असे माप) सुमारे ५ ते ६, तर पोवळ्याचा ३ ते ४ असतो. दोन्ही सतत घासले गेले तर पोवळे झिजते, म्हणून रेशमी दोऱ्यात प्रत्येक मण्यानंतर गाठ द्यावी किंवा मध्ये चांदीची बारीक चकती घालावी. चांदी काळवंडली म्हणून अख्खे गळ्यातले चिंचेच्या कोळाने किंवा चांदी उजळण्याच्या द्रावणाने घासू नये, हे ग्राहकाला आवर्जून सांगा. आम्लाने पोवळे निस्तेज होते. मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडे करणे दोन्ही मण्यांना पुरते.