गाडीत बसल्यावर तुमचं कुत्रं काय करतं? अनुभव सांगा

आमचा मोत्या गावठी, तीन वर्षांचा, वरुडकडे संत्र्याच्या बागेत राखणीला. रानडुकरावर धावून जाणारा गडी, पण गाडीचं दार उघडलं की बाजेखाली शिरतो. परवा लस टोचायला नेताना मोर्शी यायच्या आधीच दोनदा ओकला आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून थरथरत राहिला. अर्ध्या वाटेतून परत आणला. तुम्ही काय करता?

चिमूरजवळून:
दादा, ओकायच्या आधी ते सांगते, आपल्याले समजत नाई. आमची काळी सारखी ओठ चाटे, जांभया दे. मले वाटे झोप आली. मग लाळ सुटे, सुतासारखी बारीक, सीटवरून थेंब थेंब खाली. ती मळमळ होती. आता दुसरी जांभई दिसली की गाडी बाजूले घेतो, निंबाखाली जरा फिरवतो. निघायच्या चार तास आधीपासून भाकर बंद, पाणी मात्र देतो.

परतवाड्याहून:
पिल्लू असेल तर धीर धरा. चिखलदऱ्याच्या वळणांवर आमचं दर वेळी ओकायचं. डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळणारा कानाच्या आतला भाग अजून पक्का झालेला नाही. वर्षाचं होता होता थांबलं.

दारव्ह्याकडून:
मोत्या दार उघडताच लपतो, म्हणजे पोटाआधी भीती आहे. आमच्या राणीचं हेच होतं. गाडी म्हणजे सुई, एवढंच तिला ठाऊक. गाडी अंगणात बंद ठेवून दारं उघडी टाकली आणि तिची भाकर-दुधाची ताटली आधी चाकाजवळ ठेवली. चार दिवसांनी पायरीवर, मग सीटवर. पहिल्यांदा मागचे पाय जमिनीवर ठेवूनच, मान लांब करून खाल्लं तिनं! ती आपणहून चढेपर्यंत इंजिन सुरू केलं नाही. नंतर फक्त वावरापर्यंत न्यायची, तिथं मोकळी सोडायची. महिना गेला. ओढून मात्र कधीच बसवू नका.

चंद्रपूरहून:
आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पहाटेच निघा. सावलीत, काचा थोड्या उघड्या ठेवूनसुद्धा बंद गाडीत कुत्र्याला सोडून जाऊ नका. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतं. गाडीतली हवाच तापली की तेही जमत नाही. दहा मिनिटंही फार होतात.

वाशीमकडून:
माणसाची गाडी लागायची गोळी अंदाजानं देऊ नका. मी दिली, कुत्रा दिवसभर गुंगीत पडून होता. त्या रात्री मी त्याच्याजवळच बसून होतो. कुत्र्यांच्या उलटीवर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, ते डॉक्टर वजन पाहून देतात.

धागा काढणारा:
सगळ्यांचे आभार. लसीसाठी डॉक्टरांनाच बागेत बोलावलं. गाडी गोठ्यापाशी उभी आहे, ताटली चाकाजवळ ठेवतो. आज नववा दिवस. मोत्यानं पुढचे दोन पाय आत टाकले, सीट हुंगली, भाकरीचा तुकडा उचलला आणि बाजेखाली नेऊन खाल्ला.