प्ले स्टोअरबाहेरची ॲप्स टाकायची मुभा राहावी की जावी?

तंत्रवाटसरू
माझ्या रोजच्या वापरातली बरीचशी ॲप्स प्ले स्टोअरवरून घेतलेली नाहीत. पासवर्डसाठी कीपासडीएक्स, नकाशांसाठी ऑरगॅनिक मॅप्स, पॉडकास्टसाठी अँटेनापॉड, फोन आणि लिनक्सचा लॅपटॉप जोडायला केडीई कनेक्ट. सगळी एफ-ड्रॉइडवरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे २०१० पासून चालू असलेलं, फक्त मुक्तस्रोत (ज्यांचा कोड कुणालाही पाहता येतो अशा) ॲप्सचं भांडार आहे. तिथली माणसं बहुतेक ॲप्सचा मूळ कोड घेऊन त्यातून ॲप स्वतः तयार करतात, आणि एखाद्या ॲपमध्ये जाहिराती किंवा पाळत ठेवणारा भाग असेल तर तसं वरच लिहून ठेवतात.

आता मुद्दा. गूगलने २५ ऑगस्ट २०२५ ला जाहीर केलं की प्रमाणित (गूगलची मान्यता असलेल्या) अँड्रॉइड फोनवर ॲप कुठूनही टाका, ते बनवणाऱ्याने स्वतःची ओळख गूगलकडे नोंदवलेली असली पाहिजे. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये सुरुवात, २०२७ पासून बाकीच्या जगात, म्हणजे आपल्याकडेही. एफ-ड्रॉइडने पुढच्याच महिन्यात सांगितलं की असं झालं तर आमचं काम चालणार नाही. नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकारांसाठी इशारे दाखवून पुढे जाऊ देणारी वेगळी वाट ठेवू, असं म्हटलं. मला मुळातच हे मान्य नाही. फोन मी विकत घेतलाय. त्यात काय चालवायचं यासाठी तिसऱ्याची परवानगी का?

काउंटरपलीकडून
पूर्ण असहमत. मी बँकेत काम करते. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलान, कुठल्यातरी योजनेची यादी, नाव काहीही असो, फाइलच्या शेवटी एपीके असतं, म्हणजे ती ॲप टाकणारी फाइल असते. ती ओळखीच्याच नंबरावरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडली, टाकली, एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर पोहोचतो. माणूस पासबुक घेऊन आमच्यासमोर येईपर्यंत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जाऊन एटीएममधून निघालेलेही असतात.

फोन माझा, हे तुमचं म्हणणं खरं. पण ज्या मावशींची पेन्शन गेली, त्यांचाही फोन त्यांचाच होता. जे सगळ्यांच्या हातात आहे ते सगळ्यांना झेपेल असंच असायला हवं. तुम्हाला बाहेरचं ॲप टाकायचंच असेल तर संगणकाला केबल लावून एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने) टाका. ती वाट उघडी राहणार आहे, हे गूगलनेच सांगितलंय.

टर्मिनलवेडा
ताई, तळमळ कळते, पण औषध चुकतंय. ओळखपत्र तपासून काय साधणार? चोरीचे पैसे ज्या खात्यांत जातात त्यांचं केवायसी झालेलंच असतं ना? कुणा गरजवंताच्या आधार-पॅनवर काढलेली, भाड्याने घेतलेली खाती. उद्या डेव्हलपरची ओळखही तशीच भाड्याने मिळेल. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या (दुसऱ्याचा फोन दुरून चालवू देणाऱ्या ॲपच्या) गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. ते ॲप प्ले स्टोअरवरचंच होतं आणि चांगल्या कामासाठी बनवलेलं होतं.

दुसरी बाजूही पाहा. सगळ्या किल्ल्या एकाच कंपनीकडे गेल्या की काय होतं ते दिसलंय. नेक्स्टक्लाउड या फायली स्वतःच्या सर्व्हरवर साठवायच्या ॲपची सर्व फायली हाताळायची परवानगी गूगलने काढून घेतली. मे २०२५ मध्ये त्यांनी जाहीर तक्रार केली, गवगवा झाला, तेव्हा ती परत मिळाली. दोन उपकरणांतल्या फायली सारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप २०२४ च्या अखेरीस बंद पडलं. प्ले स्टोअरवर ते प्रसिद्ध करत राहणं किती जिकिरीचं झालं होतं, हे ते सांभाळणाऱ्याने लिहून ठेवलंय. टर्मक्स घ्या, फोनवर लिनक्ससारख्या आज्ञा चालवू देणारं ॲप. अँड्रॉइड १० पासूनच्या नियमांमुळे त्याची प्ले स्टोअरवरची आवृत्ती कित्येक वर्षं जुनीच राहिली, खरी वाढ एफ-ड्रॉइड आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर झाली. ज्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप नाही तो त्यावर पायथनमध्ये प्रोग्रामिंग शिकू शकतो. आणि त्यालाच तुम्ही म्हणताय, संगणक आण आणि केबल लाव.

काउंटरपलीकडून
लॅपटॉप नसलेल्या मुलाचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. केवायसीचा मात्र मान्य नाही. भाड्याची खाती असतात म्हणून केवायसी काढून टाका, असं कुणी म्हणत नाही. केवायसी असतं म्हणूनच खातं गोठवता येतं, माणसापर्यंत पोहोचता येतं. चोराला दर वेळी नवीन ओळख पैदा करावी लागली तर त्याचा धंदा महागतो. आज तो रात्रीत फाइलचं नाव बदलून पुन्हा पाठवतो.

म्युनिकमधून
इकडचा अनुभव सांगतो. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनलाही दुसरी ॲप दुकानं चालतात. माझ्या फोनवर आहे एक. पण तिथे जाणारं प्रत्येक ॲप आधी ॲपलच्या तपासणीतून जातंच. वापरणाऱ्याला जाच होत नाही, पण नकाराचा हक्क ॲपलकडेच राहतो. आपल्याकडच्या वादात नुसतं उघडं किंवा बंद असं धरून चालू नये, नकार कोण देणार आणि त्यावर दाद कुठे मागायची हे विचारायला हवं.

तंत्रवाटसरू
अगदी. म्हणूनच मला ओळख तपासण्यापेक्षा परवानग्यांवरचा पहारा जास्त योग्य वाटतो. गूगलनेच २०२४ मध्ये भारतात प्ले प्रोटेक्टचा (फोनमधल्या ॲप तपासणाऱ्या सोयीचा) एक प्रयोग जाहीर केला. ब्राउझर, चॅटचं ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून येणारं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची) परवानगी मागणारं असेल तर ते टाकूच द्यायचं नाही. अँड्रॉइड १६ मध्ये आणखी एक चांगली गोष्ट आली: अनोळखी नंबराशी बोलणं चालू असताना ब्राउझर किंवा चॅटमधून पहिल्यांदाच ॲप टाकायला गेलात तर फोन अडवतो. चोर नेमकं बोलत बोलतच सगळं करून घेतो, त्यामुळे हा उपाय मर्मावर आहे. यात कीपासडीएक्स बनवणाऱ्याचं ओळखपत्र कुठेच लागत नाही.

आणि घरोघरी आजच करण्याजोगं काम: सेटिंग्जमध्ये अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा, असं शोधा. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. ॲप्सची यादी येईल. त्यात व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांच्यापुढे परवानगी बंद आहे ना, ते बघा. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपगणिक वेगळी असते. मुळात बंद असते, पण एकदा कुणी चालू केली की तशीच राहते. माझ्या फोनवर ती फक्त एफ-ड्रॉइडला आहे.

सोलापूरचे मास्तर
वाटसरू, उपाय उत्तम आहे, पण तो करणार कोण? आमच्या गावात फोन दुकानदार लावून देतो, नाहीतर नातू. ते शहरात गेले की सेटिंग्ज उघडणारं घरात कुणी नसतं. जुन्या फोनवर अँड्रॉइड १६ यायचंही नाही. म्हणून माझं मत ताईंच्या बाजूने. टर्मक्सवर शिकणारी मुलं माझ्याही वर्गात आहेत आणि मला त्यांचं कौतुक आहे. त्यांना ती वेगळी वाट सापडेल, वाचून पुढे जातील. आजीला ती सापडू नये, एवढंच.

एक विचारतो. शेजारच्या फोनवर असं चलानाचं ॲप बसलंय, काढायला गेलं की स्क्रीन परत मागे येते. काय करावं?

टर्मिनलवेडा
आधी फ्लाइट मोड, वाय-फाय बंद. मग सेफ मोडमध्ये फोन सुरू करा. बऱ्याच फोनवर पॉवर ऑफचा पर्याय दाबून धरला की तो मिळतो. तिथे बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटी दोन्हींतून त्याला काढा, मग अनइंस्टॉल होईल. आयकॉन दिसत नसेल तर ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा. नेटवर्क परत चालू केल्यावर डायलरवर ##००२# लावा, कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. मी असतो तर त्यानंतर फोन सरळ रिसेट केला असता.

काउंटरपलीकडून
मास्तर, थांबा. फ्लाइट मोडपर्यंत ठीक, पण खात्यातून एक रुपया जरी गेला असेल तर बाकीच्या आधी दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात अडवायचे असतील तर पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. तक्रार नोंदवून होईपर्यंत रिसेट करू नका आणि तो मेसेज, ती फाइल पुसू नका. पोलिसांना पुरावा म्हणून लागतात.

टर्मिनलवेडा
बरोबर. मास्तर, ताई सांगतात त्या क्रमाने करा. रिसेट तक्रारीनंतर.

सोलापूरचे मास्तर
पैसे गेलेत की नाही, तेच त्यांना ठाऊक नाही. आत्ताच जातो, माझा फोन बरोबर नेतो.