फ्रेंच विद्यार्थ्याला इंग्रजीतले वेळेचे शब्द कसे समजावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी लिओंमध्ये राहते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एका फ्रेंच गृहस्थांना इंग्रजी शिकवते. ते मालवाहतुकीच्या व्यवसायात आहेत आणि इंग्लंडमधल्या ग्राहकांशी त्यांचा रोजचा पत्रव्यवहार असतो. बाकी इंग्रजी बरं आहे, पण वेळेचा शब्द आला की घोटाळा होतो.

गेल्या महिन्यात त्यांनी ग्राहकाला विचारलं, 'व्हॉट इज द डिले?' फ्रेंचमध्ये 'देले' म्हणजे मुदत; उशिराला 'रतार' म्हणतात. समोरचा दुखावला, की आम्ही कुठे उशीर केला? 'इव्हेंच्युअली'चंही तेच. फ्रेंच 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे 'जमलं तर', आणि इंग्रजीत मात्र 'शेवटी का होईना, होणारच'. यांनी जमल्यास दुसरा ट्रक पाठवू अशा अर्थाने लिहिलं आणि ग्राहक ट्रकची वाट बघत बसला. पण असे शब्द पाठ करून घेता येतात.

माझी खरी अडचण अशी, की त्यांच्या काही चुका माझ्या कानाला खटकतच नाहीत. फ्रेंच माणूस आठवड्याला 'वी झूर' म्हणजे आठ दिवस म्हणतो आणि दोन आठवड्यांना 'कँझ झूर', पंधरा दिवस. आपणही सोमवारी 'आठ दिवसांनी ये' म्हणतो आणि माणूस पुढच्या सोमवारी येतो. यांनी 'इन फिफ्टीन डेज' लिहिलं, तर इंग्रज खरोखर पंधरा दिवस मोजतो आणि एक दिवस पुढे जातो. त्याचा 'फोर्टनाइट' चौदा रात्रींचा.

परवा ते म्हणाले, 'आय लिव्ह हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स.' मी मान डोलावली आणि पुढचा धडा काढला. चूक लक्षात आली ती रात्री, भांडी घासताना. 'वीस वर्षांपासून राहतो' हे मराठीत बरोबर, फ्रेंच 'दप्वी'नेही, म्हणजे त्यांच्या 'पासून'नेही बरोबर. मला फार वाईट वाटलं. माणूस विश्वासाने शिकायला येतो.

शिवाय 'आय हॅव सीन हिम येस्टर्डे' सुटत नाही. त्यांचा रोजच्या बोलण्यातला भूतकाळच 'हॅव'सारखं क्रियापद लावून होतो. हे कसं समजवायचं? कुणी शिकवलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी पुण्यात फ्रेंच शिकवते, म्हणजे तुमच्या उलट बाजूने. नियम सांगू नका, कागदावर रेघ ओढायला लावा. रेघ आजच्या दिवसाला टेकत असेल तर 'हॅव'. आधीच तुटली असेल, म्हणजे 'येस्टर्डे', 'लास्ट वीक', 'अगो', तर साधा भूतकाळ. मग रेघ जिथून सुरू झाली त्या टोकाला 'सिन्स' लिहायचं आणि रेघेच्या लांबीवर 'फॉर'. वीस वर्षं ही लांबी आहे. आणि 'बाय' व 'अंटिल' शिकवताना मराठीतून विचार करू नका. आपलं 'शुक्रवारपर्यंत थांब' आणि 'शुक्रवारपर्यंत पाठव' एकाच 'पर्यंत'वर चालतं. फ्रेंचमध्ये थांबायला 'झ्युस्का' आणि पाठवायला 'दिसी' असे दोन शब्द आहेत. तिथे त्यांचीच भाषा कामी येईल.

धागाकर्ती:
मनापासून आभार. 'पर्यंत'चं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काल रेघा ओढल्या. लिओंला आल्याचं वर्ष त्यांनी टोकाला लिहिलं, रेघ आजपर्यंत आणली आणि सावकाश म्हणाले, 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर ट्वेंटी इयर्स.' 'येस्टर्डे' अजून अडतंय. त्यावर आणखी कुणाकडे काही असेल तर जरूर लिहा.