बेअरिंगची गाडी: गाडी की गाडा, आणि आस कशाला म्हणायचं?

प्रश्न: फळीला बेअरिंग लावून मुलं घरच्या घरी जी गाडी बनवायची, तिला मराठीत वेगळा शब्द आहे का? भाचीला शाळेसाठी जुन्या खेळांवर लिहायचं आहे. तिच्या आजीने ‘पांगुळगाडा’ सुचवला. आणि ‘ते बेअरिंग’ की ‘ती बेअरिंग’?

— ताई, पांगुळगाडा नको. तो चालायला शिकणाऱ्या बाळाचा, तीन चाकांचा, उभ्याने धरून ढकलायचा. काळाचौकीला आमच्या चाळीत ‘बेरिंगची गाडी’ हाच शब्द होता आणि तोच लिहावा असं माझं ठाम मत आहे. मुंबईत नुसतं ‘गाडी’ म्हणून भागतच नाही. लोकल ही गाडी, वडापाव मिळतो ती गाडी, बाबांची स्कूटरही गाडीच. म्हणून मागे कशाची ते जोडावं लागतं.

‘ती बेरिंग’ म्हणायचो आम्ही. गॅरेजवाल्यांच्या तोंडी आजही ‘बेरिंग गेली’ असंच ऐकतो. छापील मराठीत ‘ते बेअरिंग’ वाचलं आहे, तेही चालेल. मराठी विश्वकोशाने ‘धारवा’ हा शब्द वापरला आहे. अर्थाला चोख आहे, पण धारव्याची गाडी कुणी पळवल्याचं ऐकलेलं नाही.

आता आसाकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे. भंगारवाल्याकडून आणलेली बेरिंग लाकडी दांड्यावर बसवायची तर दांड्याचं टोक तासावं लागायचं. जास्त तासलं की बेरिंग डुगडुगायची, कमी तासलं की ठोकताना लाकूड चिरायचं. नेमकं जमलं की आतली कडी दांड्याला घट्ट धरून बसायची आणि बाहेरची तेवढी छर्‍यांवरून फिरायची. चाळीतले साताऱ्याकडचे एक आजोबा त्या दांड्याला ‘आस’ म्हणायचे. शब्द बैलगाडीचा, पण इथेही अगदी बरोबर बसतो. बैलगाडीच्या चाकाला मधे तुंबा म्हणजे लाकडी गाभा, तुंब्यात आरे म्हणजे दांड्या, वरून लोखंडी धाव म्हणजे कडेची पट्टी. आमच्या चाकाला आरे नव्हतेच. बाहेरची कडी हीच धाव, तीच सिमेंटवर खर्रर्र वाजत जायची. दुपारी झोपलेली माणसं गॅलरीत येऊन ओरडायची, ती त्याच आवाजाने.

फळी देवदारी खोक्याची. पुढची आडवी पट्टी एकाच बोल्टवर अडकवलेली, म्हणजे पायाने रेटून वळवता यायची. पट्टीच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधली की तो लगाम. ब्रेक म्हणजे चपलेची टाच. डांबरी रस्त्यावर बारीक खडा आडवा आला की पुढची बेरिंग जागच्या जागी अडायची आणि बसलेला पुढे फेकला जायचा. गुडघे बहुतेक असेच फुटले.

— गाडी-गाड्याबद्दल थोडं. डबा-डबी, सुरा-सुरी यांच्यासारखीच ही जोडी आहे: आकारान्त मोठं, ईकारान्त लहान. गाडा म्हणजे ओझ्याचा, दणकट. म्हणून संसाराचा गाडा हाकतात, संसाराची गाडी रुळावर येते. आमच्या गल्लीत सामान वाहायची ती हातगाडी, आणि मुलांचीही गाडीच. गाडा कुणी म्हटलेलं आठवत नाही.

— वंगण राहिलं. बेरिंग कुरकुरली की आम्ही आईच्या नकळत खोबरेल घालायचो. बैलगाडीचं वंगण बांबूच्या नळ्यात भरून गाडीलाच टांगलेलं असे. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ या म्हणीतला नळा तो हाच. गाडा जत्रेला निघाला की नळ्यालाही आपोआप जत्रा घडते.

— मग आमच्याकडचा मागून ढकलणारा मुलगा म्हणजे नळाच की!

— नाही, त्याला नळा म्हणणं अन्यायाचं होईल. नळ्याला काही न करता जत्रा मिळते, आणि ढकलणारा धापा टाकत धावतो, तेव्हा कुठे पुढच्या फेरीला त्याला बसायला मिळतं. नळा म्हणायचंच तर पुढे मांडीवर बसवलेल्या धाकट्या भावंडाला म्हणा. भाचीला ही म्हण द्यायची असेल तर एवढा फरक समजावून द्या.