साध्या माणसाला पेटंटला हरकत घेता येते का? बडोद्यातून विचारतेय

दांडियाबाजारची_अनु

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, केमिस्ट्री शिकले आणि आता एका शाळेत शिकवते. विषय मोठा आहे पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून विचारूनच टाकते.

माझ्या मावशीला तीन-चार वर्षांपूर्वी एमडीआर टीबी झाला, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. तिला सरकारी योजनेतून बेडाक्विलिन मिळालं. पहिले दोन आठवडे रोज चार गोळ्या, मग आठवड्यातनं तीनच दिवस दोन-दोन. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आम्ही सोम-बुध-शुक्रला लाल पेनानी गोल करून ठेवायचो आणि गोळ्या पोटात गेल्या की आजी स्वतः उठून त्यावर फुली मारायची, दुसऱ्या कोणाला मारू द्यायची नाही. मधेमधे ईसीजीला न्यावं लागायचं कारण त्या गोळीचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. आज मावशी ठणठणीत आहे.

परवा कळलं की या औषधाचं मूळ पेटंट जुलै 2023 ला संपणार होतं पण कंपनीने त्याच्या एका क्षारावर, म्हणजे त्याच औषधाच्या जरा वेगळ्या रूपावर, दुसरं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. ते अडवलं कोणी तर टीबीतून उठलेल्या दोन बायकांनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. जुन्या औषधांनी दोघींचे कान गेलेले. 2019 ला हरकत घेतली, मार्च 2023 ला पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला. हे वाचलं आणि मला ते कॅलेंडरच दिसायला लागलं.

तर विचारायचं असं की हे तुमच्या-माझ्यासारख्याला करता येतं का, वकील लागतोच का, आणि कायद्याचे नियम बदलतात तेव्हा आपलं कोणी ऐकतं का? आमच्या मंडळात विषय काढला तर सगळे म्हणाले पेटंट हे कंपन्यांचं काम, आपण कशाला त्यात पडायचं. मला ते पटत नाही पण उत्तरही देता येत नाही.

अलकापुरी_ड्राफ्ट्समन

अनुताई, छान प्रश्न. मी पेटंटचे अर्ज लिहायचंच काम करतो, दहा वर्षं झाली.

करता येतं. पेटंट कायद्याच्या कलम 25(1) मध्ये शब्दच "कोणतीही व्यक्ती" असा आहे. तुम्ही स्पर्धक कंपनी असायला पाहिजे, पेशंट असायला पाहिजे, अशी काही अट नाही. अर्ज साधारण 18 महिन्यांनी पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापला जातो, दर शुक्रवारी जर्नल निघतं, वेबसाइटवर फुकट दिसतं. छापल्यापासून सहा महिने तरी पेटंट देता येत नाही, आणि प्रत्यक्ष मंजूर होईपर्यंत फॉर्म 7ए भरून हरकत घेता येते. वकील सक्तीचा नाही. एकदा पेटंट दिलं गेलं की मात्र दार अरुंद होतं, मग एका वर्षाच्या आत आणि ज्याचा त्यात हितसंबंध आहे त्यालाच हरकत घेता येते.

आता जिथे बहुतेक लोक अडकतात ते सांगतो. औषध महाग आहे, गरीब माणसाला परवडणार नाही, हे खरं असलं तरी 25(1) मध्ये ते कारण चालत नाही. तिथे अकरा कारणं आहेत आणि त्यातलंच एखादं सिद्ध करावं लागतं. हे आधीच छापलं गेलंय, यात नवीन शोध काही नाही, कलम 3 मुळे याला पेटंटच मिळू शकत नाही, असं. 3(डी) म्हणजे माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप काढलं आणि गुण वाढला नाही तर पेटंट नाही. याच कलमावर 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाला पेटंट नाकारणारा निकाल दिला, आणि त्या अर्जाला सुरुवातीला हरकत घेणाऱ्यांत कॅन्सर पेशंटसाठी काम करणारी एक संस्था होती. म्हणजे चीड मनात असू दे पण कागदावर लिहायचं ते अमुक क्लेम (म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क सांगतोय ते वाक्य), अमुक तारखेच्या आधीचा अमुक कागद. तारीख फार महत्त्वाची.

किमतीचा मुद्दा कलम 84 मध्ये येतो. पेटंट देऊन तीन वर्षं झाली आणि वस्तू परवडणाऱ्या भावात मिळत नसेल तर सक्तीचा परवाना मागता येतो, म्हणजे पेटंटवाल्याची मर्जी नसली तरी दुसऱ्याला ती वस्तू बनवायची मुभा. सोराफेनिब कॅन्सरवरचं औषध, महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार, 2012 ला नॅटको या भारतीय कंपनीला असा परवाना मिळाला आणि भाव 8,880 वर आला.

नियमांचं म्हणाल तर मसुदा राजपत्रात येतो आणि हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते. ऑगस्ट 2023 च्या मसुद्याला 30 दिवस होते. त्यातूनच मार्च 2024 चे नियम आले, आणि आता 25(1) च्या हरकतीला फी लागते, पूर्वी लागत नव्हती. शिवाय हरकत दाखल करून घ्यायच्या लायकीची आहे का हे आधी कंट्रोलर, म्हणजे पेटंट ऑफिसचा अधिकारी, बघतो. पेटंट वापरात आहे का ते सांगणारा फॉर्म 27 पण आता दरवर्षी नाही, तीन वर्षांतनं एकदाच. त्या 30 दिवसांत आपल्या ओळखीतल्या एकानेही चार ओळी लिहून पाठवल्या नाहीत, मीसुद्धा नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मकरपुरा_फिटर

माझंही ऐकून घ्या. माझा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छोटा शेड आहे, सहा माणसं. व्हॉल्व्ह धरायचं एक फिक्श्चर मी काढलं, त्याचं पेटंट आहे माझ्याकडे, ते नसतं तर मोठ्या पार्टीने दुसऱ्या दिवशी तेच बनवून विकलं असतं आणि मी बघत बसलो असतो. म्हणून पेटंट म्हणजे चोरीच असं धरून चालू नका हो. आणि हरकतींचं पण असं होतं की काही लोक भलत्याच्याच नावाने हरकत टाकतात, अर्ज नुसता रखडवायला. वर जो चाप लावलाय ना, त्याला हे पण एक कारण आहे. मात्र फीचं मला पटलं नाही. पेशंटला आणि करोडोंच्या कंपनीला एकाच दारातून तिकीट काढायला लावू नये, पेशंटला फी माफच पाहिजे. मसुदा परत आला तर मी माझ्या लेटरहेडवर हे लिहून देईन, पेटंटवाला माणूस असं म्हणतोय याला वजन राहील.

सुरसागर_मास्तर

अनु बेटा, मी निवृत्त शिक्षक, कायद्यातलं फार कळत नाही पण एक गोष्ट वाचून ठेवलीय. त्याच 25(1) मध्ये शेवटचं कारण असं आहे की एखाद्या गावात, समाजात ते ज्ञान आधीपासून असेल, आणि ते तोंडी असलं तरी चालतं. तोंडी! आमच्या आईला जखमेवर हळद लावायची हे कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. त्याच हळदीवर अमेरिकेत 1995 ला पेटंट दिलं गेलं आणि डॉ. माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख असताना जुने ग्रंथ आणि 1953 चा एक लेख पुढे ठेवून लढले तेव्हा कुठे 1997 ला ते रद्द झालं. तिथे कागद दाखवावा लागला. इथे आपला कायदा आजीच्या तोंडच्या गोष्टीलाही किंमत देतो, हे लोकांना माहीतच नाही.

दुसरं, भाषा. जर्नल इंग्रजीत आणि त्यातही वकिली इंग्रजीत. याच बडोद्यात 1890 ला सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांचा ध्यास होता की तंत्रविद्या माणसाला त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे. तेव्हा रंग-रसायन शिकवता आलं तर आज एका क्लेमचा अर्थ मराठी-गुजरातीत का सांगता येऊ नये? मी करून देईन, मला वेळच वेळ आहे.

फतेगंज_रिसर्च

पीएचडी करतेय, एक भर घालते. हरकत ही अर्धीच बाजू झाली. ज्या आजारात नफा नाही त्यावर औषध शोधणार कोण हा पण प्रश्न आहे. टीबीचं प्रेटोमनिड एका ना-नफा संस्थेने, टीबी अलायन्सने, शेवटपर्यंत नेलं आणि आज बेडाक्विलिनबरोबर ते देऊन सहा महिन्यांत कोर्स होतो. आपल्याकडे सीएसआयआरने 2008 ला ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी सुरू केलं, 2010 च्या सुमारास देशभरातल्या कॉलेजच्या पोरापोरींनी मिळून टीबीच्या जंतूच्या जनुकांची माहिती लावून दिली, सगळं उघड, कोणालाही वापरता येईल असं. हे पण मंडळात सांगा. पब्लिकच्या पैशातून झालेल्या संशोधनाचं पेटंट कोणाला आणि कुठल्या अटीवर दिलं, हे विचारायचा हक्क आपलाच ना.

दांडियाबाजारची_अनु

सगळ्यांचे मनापासून आभार. किमतीचं कारण तिथे चालत नाही हे मला अजिबात माहीत नव्हतं, मी तर तेच घेऊन भांडायला निघाले होते.

काल शुक्रवारचं जर्नल उघडलं. शेकडो पानं. टीबीचा शब्द टाकून शोधलं तर एक अर्ज सापडला, पहिला क्लेम अकरा ओळींचा एकच वाक्य, तीनदा वाचला तेव्हा कळलं की दोन जुनी औषधं एका गोळीत घालायची गोष्ट आहे. यात नवीन काय ते मला ठरवता येत नाही, पण प्रश्न काय विचारायचा ते आता कळतंय.

मंडळाची खोली रविवारी साडेदहाला मिळतेय. मास्तर, तुम्ही तो क्लेम मराठीत कराल का, मी प्रिंट तुमच्याकडे आणून देते. ड्राफ्ट्समनदादा, तुम्ही तासभर जरी आलात तरी चालेल. मकरपुरावाले दादा, तुम्हीपण या, तुमची बाजू लोकांनी तुमच्याच तोंडून ऐकायला हवी. मावशी येतेय, ती कॅलेंडर घेऊन येणार म्हणाली, आजीने ते टाकू दिलं नव्हतं. प्रोजेक्टर आहे का कोणाकडे?