मदत हवी आहे: मानेच्या गाठी काढायच्या आधी इम्युनोथेरपी घेतलीये का कोणी?

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, मामाच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळालीये.

गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, वय ५४, कारण तंबाखू. तोंडात दोन बोटंही जात नाहीत, मामी ताकभात मिक्सरला फिरवून देते. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आहे, सुई घालून तपासली तर तीही पॉझिटिव्ह. सर्जन म्हणतात गालाबरोबरच मानेच्या गाठी (लिम्फ नोड) काढायच्या, मग रेडिएशन. गाठी काढण्याबद्दल वाद नाहीच, टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या अभ्यासात मानेला काही लागत नसतानाही आधीच नेक डिसेक्शन (मानेच्या गाठी काढायचं ऑपरेशन) केलेल्यांतले ८० टक्के ३ वर्षांनी हयात होते आणि थांबून बघितलेल्यांत ६७.५.

मला अडलंय ते क्रमावर. कॅन्सरचे तुकडे ओळखायला टी सेल (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शिकतात ते याच लिम्फ नोडमध्ये, आणि इम्युनोथेरपीचं औषध टी सेलवरचा पीडी-१ चा ब्रेक काढतं, म्हणजे गाठी जागेवर असतानाच औषध गेलं तर जास्त टी सेल तयार होतील ना? उंदरांवरच्या प्रयोगांत गाठी आधी काढल्या तर औषधाचा परिणाम कमी झालेला दिसलाय. माणसांवरच्या कीनोट ६८९ या अभ्यासात ७१४ पेशंट होते, अर्ध्यांना ऑपरेशनआधी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे २ डोस आणि नंतरही तेच चालू, त्यांच्यात ३ वर्षांनी आजार न वाढता-उलटता हयात असलेले ५७.६ टक्के, नेहमीच्या ट्रीटमेंटवाल्यांत ४६.४. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली, पीडी-एल१ टेस्ट (पीडी-१ चा ब्रेक दाबणारं प्रोटीन कॅन्सरच्या नमुन्यात आहे का ते बघणारी) पॉझिटिव्ह असलेल्यांसाठी. गाठी त्यातही शेवटी काढल्याच, फक्त औषधानंतर.

सर्जनना विचारलं तर म्हणाले उशीर करू नका, आणि ते पटतंच, गाठ महिन्याभरात वाढलेली डोळ्यांनी दिसतेय. पण पीडी-एल१ टेस्टचं नावच कोणी काढलं नाही. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) परत मागून ती करून घेता येते का? मेडिकल ऑन्कोलॉजिस्टला ऑपरेशनआधी भेटायचा आग्रह धरू का? ज्या बाजूला काही नाही तिकडच्या गाठी तुमच्या डॉक्टरांनी ठेवल्या का?

खर्च तर आवाक्याबाहेरच आहे. टाटाने २० मिलिग्रॅम निवोलुमॅब (याच प्रकारचं औषध) देऊन बघितलंय, पण ते आजार खूप पुढे गेलेल्यांना, ऑपरेशनआधी कमी डोस कोणाला मिळालाय का?

'नव्या' या ऑनलाइन सेवेवरून सेकंड ओपिनियन कोणी घेतलं असेल तर किती दिवसांत उत्तर आलं तेवढं आजच सांगा प्लीज, रिपोर्ट सगळे स्कॅन करून ठेवलेत.