रस्ट: आपल्या सर्व्हरवर अपकीप निम्मं करावं का?

रातपाळी (धागाकर्ता)
पुढच्या वाइपपासून, म्हणजे सर्व्हर कोरा होऊन खेळ नव्याने सुरू झाला की, आपल्या ग्रुपच्या रस्ट गेमच्या सर्व्हरवर अपकीप निम्मं करावं, असा माझा प्रस्ताव आहे. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेसमधल्या टूल कबर्डमध्ये, म्हणजे टीसीत, लाकूड, दगड, मेटल भरून ठेवावं लागतं. बांधकामाच्या किमतीचा ठरावीक हिस्सा त्यातून दर 24 तासांमागे कापला जातो, तोच अपकीपचा कर. टीसी रिकामा झाला की बेस सडायला लागतो.

मागच्या वेळचा अनुभव असा. फोर्स वाइप, म्हणजे सगळ्या सर्व्हरवरचा सक्तीचा वाइप, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, आपल्याकडे रात्री साडेअकराला. शुक्रवारी ऑफिस असूनही पहाटे चारपर्यंत जागून स्टोनचा 2 बाय 2 बेस उभा केला. रविवारी रात्री अकराला पाहिलं तर टीसीवर 12 तास शिल्लक होते. म्हटलं, उद्या संध्याकाळी भरू. सोमवारी घरी यायला नऊ वाजले. सकाळी अकराला मुदत संपलेली आणि दगडी भिंत 5 तासांत जाते. मी लॉगिन केलं तेव्हा दार होतं तिथे गवत होतं. फाउंडेशनसुद्धा नाही. भिंती फोडायला कुणी एक रॉकेटही खर्च केलं नव्हतं. नोकरी करून एकट्याने खेळणाऱ्याला हा कर झेपत नाही, एवढंच माझं म्हणणं.

गोटा_दगड
वाईट वाटलं, पण असहमत. यात कराच्या दराचा दोष नाही. हिशोब मांडून बघा. हनीकोंब, म्हणजे बेसभोवतीच्या संरक्षक रिकाम्या खोल्या, धरून भिंती-फाउंडेशनचे 50 तुकडे समजू, सोयीसाठी प्रत्येकी 300 दगडांचे. पहिल्या 15 तुकड्यांवर 10 टक्के, म्हणजे 450 दगड. पुढच्या 35 वर 15 टक्के, म्हणजे 1575. दिवसाला झाले 2025. चांगलं हत्यार असेल तर एका नोडमधून, म्हणजे फोडायच्या खडकातून, हजारेक दगड निघतात. दोन-तीन नोड फोडायला किती वेळ लागतो? टीसीत 24 खाने आहेत, खान्यात 1000 दगड मावतात. सगळे भरले तर तुमचा बेस अकरा दिवस हलत नाही.

रातपाळी
24 हजार दगड एकट्याने फोडायचे, वाहून आणायचे, आणि रेड झाला, म्हणजे कुणी बेस फोडून लुटला, की भिंतींसोबत तेही रेडरच्या घशात. टीसीत जास्त साठा ठेवणं म्हणजे त्यांच्यासाठी बक्षीस मांडून ठेवणं. म्हणून मी दीड-दोन दिवसांपुरताच भरतो.

जुना_भिडू
मी अपकीप येण्याआधीपासून खेळतोय. 2017 च्या अखेरीस ते आलं. त्याआधी दार उघडलं-लावलं की सडणं पुढे ढकललं जायचं. मोठे ग्रुप नकाशाभर बांधून ठेवायचे आणि अधूनमधून दारं उघडत फिरायचे. आठवड्याने किनाऱ्यावर उतरलेल्या नवख्याला घर बांधायला सपाट जागा सापडायची नाही. ज्या दरीत जावं तिथे कुणाचं तरी ओसाड बांधकाम, आणि त्या ओझ्याने सर्व्हर अडखळणार ते वेगळंच. कर निम्मा केलात तर त्या दिवसांकडे अर्धं अंतर आपण परत जाऊ. माझा विरोध आहे.

आम्ही_बारा
मी क्लॅनमधला, म्हणजे मोठ्या गटातला. प्रस्ताव पास झाला तर सगळ्यात जास्त फायदा माझाच, तरी विरोधात मत देणार आहे. कारण सांगतो.

आमचा मागचा बेस साधारण 500 तुकड्यांचा होता. तुकडे वाढतील तसा दर चढतो, 20 टक्के आणि शेवटी 33. सगळा स्टोन धरला तरी दिवसाला 40 हजारांच्या वर दगड. टीसीत मावतात जेमतेम 24 हजार, आणि त्यातले काही खाने मेटलला द्यावे लागतात. म्हणजे दिवसातून दोनदा कुणीतरी यायलाच हवं, दुपारी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. आमचा विस्तार थांबतो तो याच अडचणीपाशी. निम्मं केलंत तर आमचं भागेल 20 हजारांत, एकदा भरलं की दिवस सुटला. रातपाळीभाऊ, तुमचे वाचतील हजार दगड, आमचे वीस हजार. मग आम्ही बेस दुप्पट करणार, तोही तुमच्या शेजारी.

वाडा_चिरेबंदी
बारा जणांत 40 हजार म्हणजे माणशी साडेतीन हजारही होत नाहीत, हेही सांगा की! शिवाय वेगळ्या फाउंडेशनवर वेगळे टीसी लावून बांधकाम तोडलं की प्रत्येक भाग पुन्हा 10 टक्क्यांपासून सुरू होतो. हे मोठ्यांनाच जमतं, एकट्याला एवढे टीसी सांभाळता येत नाहीत. चढत्या दराचा धाक आहे, पण वाटतो तेवढा नाही.

रातपाळी
बारांचा मुद्दा पटला. सरसकट निम्मं करण्याची मागणी मी मागे घेतो. मग असं करूया. कर आहे तेवढाच राहू दे, सडण्याचा वेग कमी करा. स्टोनला 5 तासांऐवजी 10. शीट मेटलला 8 तास मिळतातच, पण सोलोकडे, म्हणजे एकट्या खेळाडूकडे, पहिल्या आठवड्यात मेटल कुठून येणार? सकाळी घर सोडणारा माणूस रात्री परत येईपर्यंत निदान निम्म्या भिंती उभ्या राहाव्यात. मला दगड द्यायला हरकत नाही, एका उशिराच्या दिवसापायी सगळंच जाऊ नये.

जुना_भिडू
याला माझी हरकत नाही. दहा तासांनी नकाशा भरत नाही. ओसाड बेस दुसऱ्या दिवशी जाणारच.

गोटा_दगड
मी अजूनही विरोधातच. रातपाळी, तुम्हीही सोलो आणि मीही सोलो. मी दिवसा फार्मिंग, म्हणजे दगड-लाकूड गोळा करणं, करत नाही, सडणारे बेस शोधत हिंडते. हातोडा हातात धरून भिंतीकडे पाहिलं की तिची उरलेली ताकद दिसते. मागच्या वाइपला दरीत एका बेसची भिंत 500 पैकी 120 वर आलेली दिसली. मी समोरच्या झुडपात तासाभराहून जास्त वेळ बसून राहिले. ती पडली तेव्हा आतल्या दोन पेट्यांतून माझी पहिली रायफल मिळाली, जी विकत घेण्याइतकं स्क्रॅप, म्हणजे गेममधलं चलन, मला चार दिवसांत जमलं नसतं. स्टोनला 10 तास दिलेत तर मालक बहुतेक वेळा परत पोचतील आणि माझ्यासारख्यांना अशी भिंत सापडणार नाही. क्लॅनशी समोरासमोर लढून मला काहीच मिळत नाही. माझं मत 5 तासांनाच.

वाडा_चिरेबंदी
तिसरा पर्याय मतदानात टाका, 7 तास. बुधवारी रात्री मोजू, गुरुवारी वाइप आहे.